चंद्राने वाळवंटात नेलेली बोट

अबुधाबीच्या विमानतळावर उतरल्यावर आमच्या ह्यांनी पहिली चौकशी केली ती चंद्राची, नातीची नंतर. कोन मोजायच्या सेक्स्टंटची पेटी मुंबईपासून मांडीवरच होती. जन्मभर पुण्यात नौकानयनाचं गणित शिकवलं, पण बोट लागते म्हणून समुद्रावर कधी गेले नाहीत. आता ह्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि शेवटच्या प्रकरणातलं उदाहरण टेबलाशी बसून रचलेलं होतं. तेवढं खरं हवं, हा एकच ध्यास.

रीत ऐकायला सोपी. चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन मोजायचा, त्यावरून ग्रिनिचची वेळ काढायची आणि वेळेवरून आपले रेखांश. कोनात केसभर चूक झाली की नकाशावर माणूस कित्येक किलोमीटर सरकतो. तरी पुस्तकात लिहिलं होतं, ‘सरावाने हे सहज जमते.’

शुक्रवारी जावयाने, समीरने, मित्राची बोट मिळवली. आम्ही कोळंबीचा मचबूस (मसालेदार भात) पोटभर खाऊन निघालो, ही पहिली चूक. ‘यल्ला’ (चला) म्हणत नावाड्याने दोर सोडला. अर्धा चंद्र दुपारीच वर आला होता. धुरकट हवेत पाणी कुठे संपतं ते दिसेना, आणि बोट थांबवली तशी जास्तच डुलायला लागली. सेक्स्टंटच्या आरशात चंद्राची कड सूर्याला टेकली की हे ‘आता’ म्हणणार आणि मी घड्याळ वाचणार, असं ठरलं होतं. दोनदा ‘आता’ झालं. तिसऱ्यांदा हे कठड्यावर ओणवे झाले.

‘आजोबा, जस्ट यूज द जीपीएस,’ नात म्हणाली.

ह्यांनी तोंड पुसून पुन्हा सेक्स्टंट उचलला. मला रागही आला आणि भरूनही आलं.

घरी आकडेमोड झाली. उत्तराप्रमाणे आमची बोट अल ऐनच्या वाटेवर, वाळवंटात उभी होती. समीरने मायेनेच सुचवलं, ‘बाबा, जीपीएसचं रीडिंग घ्या आणि त्यावरून उलटा हिशेब करून कोन लिहून टाका. कोण चेक करणार? खलास.’ ह्यांनी वही मिटून ठेवली. पुस्तक आता कपाटात पडणार, असं मला वाटलं.

परतीच्या विमानात त्यांनी हस्तलिखित काढलं. ‘सहज’ हा शब्द खोडला आणि खाली वाळवंटाचे रेखांश जसेच्या तसे उतरवले. टेबलाला लाटा नसतात, एवढं त्यांना उमगलं असावं.

थोड्या वेळाने विचारलं, ‘मला बोट लागली होती, हेही लिहू?’

‘लिहा,’ मी म्हटलं. ‘आणि घड्याळ माझ्या हातात होतं, तेही लिहा.’