सुतारकाम शिकलेला वसंता

१२ मे. अंगणात कुरडया घालत होते, तेवढ्यात माहेराहून, असोद्याहून, चुलतभाऊ सायकलवर आला. "अक्का, वसंता गेला," एवढंच म्हणाला. सोऱ्या खाली ठेवला, चुलीवरचा चीक शेजारणीला उतरवायला सांगितला आणि निघाले. विषमज्वर होता, पण ताप उतरणीला लागला होता. मी स्वतः बघून आले होते...

वसंता माझा सर्वांत धाकटा भाऊ. तिशीही गाठली नाही त्याने. आई लवकर गेली, त्यामुळे माझं लग्न होईपर्यंत त्याचं सगळं मीच केलं. १९४८ साली मॅट्रिक झाला तेव्हा जळगावात कॉलेज निघालेलं होतं आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला वकील करायचं ठरवलं होतं. हा मात्र धुळ्याच्या एका उद्योगशाळेत राहून सुतारकाम शिकायचं म्हणाला. आबा चिडले. "लाकडं तासाले मॅट्रिक कशाले लागते रे?" वसंता म्हणाला, "कोर्टात खोटं बोलाले तरी कशाले लागते, आबा?" आबा हसले नाहीत, पण जाऊ दिलं.

तिथे मी एकदा त्याला भेटायला गेले. पहाटे उठून आवार झाडायचं, पाळीप्रमाणे स्वयंपाक करायचा, मग दिवसभर करवत आणि रंधा. घरी ज्याने कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, त्याने मला स्वतः भाजलेली भाकरी वाढली. करमतं का, विचारलं. "इथे दिवस पुरत नाही, अक्का," म्हणाला. केसांत भुसा होता. तेवढा खुशीत मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

दोन वर्षांनी गावी आला. शेजारच्या शेतकऱ्याने हौसेने पेरणीची पाभर करून मागितली, वसंताने करून दिली, पैसेही घेतले नाहीत. पेरणी उत्तम झाली. मग खळ्यावर त्या शेजाऱ्याने सखाराम सुताराला बलुत्याची ज्वारी नाकारली... यंदा तुझ्याकडून काम घेतलं नाही, म्हणाला. गावचे नांगर-पाभर पिढ्यान्‌पिढ्या सखारामच्या घराकडे आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या धान्यावर त्याची चूल. तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, तेव्हा मी माहेरी होते. भांडला नाही. "वसंतभाऊ, तू त शिकेल मानूस. तुले कुठी बी काम भेटीन. मले या गावाबाहीर कोन वयखते?"  धुळ्याला वसंताला सगळं शिकवलं होतं. गावात ते काम कुणाचं, तेवढं राहिलं होतं.

त्यानंतर गावात त्याने हत्याराला हात लावला नाही. जळगावचे हुसेन मिस्तरी त्याला कपाटं करायला घ्यायला तयार होते. आबा म्हणाले, "पाटलाचा पोऱ्या लोकाच्या दुकानात रोजानं रंधा मारीन? आधी माह्यं मढं पाह्य." वसंता वडिलांचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता. केळीला पाणी भरत राहिला. त्याच्या बरोबरीची मुलं वकील झाली, मास्तर झाली. तो दर वर्षी थोडा कमी बोलू लागला.

गेला त्या दिवशी सरणाची लाकडं सखारामने एकट्याने फोडली, दुसऱ्या कुणाला कुऱ्हाड दिली नाही.  

माझ्या घरी, जळगावात, वसंताला अडवणारं कुणी नव्हतं. आला की आधी विचारायचा, "काय मोडलं, अक्का?" मग दुपारभर मान खाली घालून ते दुरुस्त करत बसायचा, जेवायचा पोटभर, बोलायचाही. मोडेल इतकं सामान माझ्या घरात कुठलं? तो यायचा असला की मीच एखाद्या स्टुलाचा पाय हलवून ढिला करून ठेवत असे. त्याला कळत असावं. "तुझी स्टुलं फार लवकर म्हातारी होतात," एकदा म्हणाला. लाकडाला लोखंड लावणं त्याला पटत नसे. खाचेत लाकूड असं बसवायचा की सांधा बोटाने शोधावा लागे.

तेरावं उरकून घरी परतले, तर स्वयंपाकघरात स्टूल कलंडून पडलेलं. आखाजीच्या सणाला तो मला माहेरी न्यायला येणार होता, म्हणून ढिलं करून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या एका सुताराला आत बोलावलं. त्याने पाय हलवून पाहिला. "बाई, सांधा नीट बसवायचा तर अर्धा दिवस जाईल. खिळा मारू?"

"मारा," म्हटलं.