मावशीची गाडी आणि सामंतांचं गेट

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. आमचं गॅरेज मुलुंडला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या आतल्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी असा काही आवाज झाला की समोरच्या पॅकिंगवाल्यांची माणसं शटरबाहेर येऊन उभी राहिली. मला वाटलं डंपर घुसला. आली ती एक जुनी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. मागची सीट काढलेली, तिथे थर्माकोलचे खोके. पुढे एक मावशी बसलेली, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर पाटी.

चालवणारा तिचा मुलगा, हरेश. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मॅडम, सामंतसाहेबांनी पाठवलंय. आवाज जरा कमी करायचाय. पण पिकअप गेला नाय पाहिजे."

मावशी काहीतरी बोलली. मला ओठ हलताना दिसले फक्त.

"आधी ते इंजिन बंद कर रे बाबा!" मी ओरडले.

सामंत म्हणजे मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझे जुने कस्टमर. त्यांचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. "अगं मेधा, ट्रॉम्ब्याहून मासळीवाली येते आमच्याकडे, बुधवार, शुक्रवार, रविवार. मासळी एक नंबर. पण तिच्या पोराने गाडीला काय लावलंय देव जाणे. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तो आवाज झाला की दचकून उठते, मग दिवसभर थरथरत असते. मी सांगून टाकलंय, या रविवारी गाडी शांत आली नाही तर गेट बंद. कायमचं."

आता सामंतांची सोसायटी म्हणजे त्या रस्त्यावरची सगळ्यात मोठी. तिथलं गेट बंद झालं की शेजारच्या दोन सोसायट्याही तेच करणार. मग मायलेकांनी ट्रॉम्ब्याहून एवढ्या लांब यायचं कशाला? धंद्याची वाटच लागली की.

गाडी लिफ्टवर घेतली आणि मी कपाळावर हात मारला. सायलेन्सर नव्हताच!

साध्या भाषेत सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर गाडीच्या पोटाखालून मागे जातो. वाटेत आधी कॅटकॉन लागतो, तो धुरातलं विष कमी करतो. मग एक छोटा डबा, मग मागे एक मोठा डबा. हे दोन डबे आवाज मारतात. हरेशच्या गाडीचे दोन्ही डबे कापून तिथे सरळ पाइप जोडला होता. वेल्डिंग मात्र झकास, जहाजाला शोभेल असं. नशिबाने कॅटकॉनला हात लागला नव्हता.

"कोणी केलं हे?"

"बंदरावरचा वेल्डर. आमच्या बोटींचं तोच करतो."

"आणि का केलं?"

"गाडी ओढत नव्हती मॅडम. माल भरला की चढावर रडायची. बोटीचा पाइप काजळीने चोक झाला की बोट पण अशीच करते. पाइप मोकळा केला की पळते. म्हटलं, हिचा पण चोक झाला असणार."

मला हसू आलं नाही, खरंच सांगते. पोराचा विचार बरोबर होता, फक्त यंत्र चुकीचं होतं. बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनाला मोकळा पाइप चालतो, समुद्रात ऐकणार कोण? पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट कंपनीने इंजिनाच्या मापाने बसवलेला असतो. तो मोकळा केल्यावर ताकद वाढते का, असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. रेसिंगवाले वाढवतात, पण ते इंजिनाचं सगळं ट्यूनिंगच बदलतात. साध्या गाडीत नुसता पाइप बदलून फरक पडलाच तर इंजिन किंचाळत असताना थोडासा पडतो. ट्रॅफिकमध्ये, कमी वेगात, उलट गाडी जरा मंदच होते. पोलिसांनी पकडलं तर दंड वेगळा.

"पण मॅडम, पाइप कापल्यावर गाडी पळायला लागली ना!"

"पळायला लागली की ओरडायला लागली?"

मावशी पुन्हा काहीतरी पुटपुटली. जवळ गेले तेव्हा कळलं, ती पुटपुटत नव्हती. तिचा आवाजच तेवढा होता, घोगरा, हवेतच विरून जाणारा. "आवाज आला म्हंजे जोर आला," असं ती म्हणत होती.

मग गाडी आधी ओढत का नव्हती? मी मागचं चाक हाताने फिरवायला गेले. फिरेना! दुसरं चाक जोर लावला की कुरकुरत अर्धा फेरा घेई. चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला तर आत मिठागर. खोक्यांतलं बर्फ वितळायचं, मासळीचं खारं पाणी डिकीत साचायचं. डिकीच्या तळाची रबरी बुचं कधीच कुजली होती. तिथून ते पाणी थेट मागच्या ब्रेकवर. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसले होते. म्हणजे हा गडी इतके महिने मासळी, बर्फ आणि आई यांना घेऊन ब्रेक दाबलेली गाडी चालवत होता.

"अरे, बिचारीचे पाय बांधून ठेवलेस आणि गळा कापलास!" मी म्हटलं. हरेश ओशाळला.

ब्रेकचं सगळं काम केलं, नवी केबल टाकली, डिकीत पाणी साचू नये म्हणून खाली ट्रे बसवला. पाइपला मात्र मुद्दाम हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. खोक्यांत पाण्याचे कॅन भरले आणि हरेशला म्हटलं, चल हायवेवर.

फ्लायओव्हरच्या चढावर गाडी सुसाट. हरेश खूश! "बघा मॅडम, पाइपचा जोर!"

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू. "गप बस आणि गाडी परत घे."

गॅरेजमध्ये कंपनीच्या मापाचे दोन्ही डबे बसवले. तेच कॅन, तोच चढ, तोच गिअर. गाडी तशीच चढली. फक्त आता मला शेजारी बसलेल्या हरेशचा श्वास ऐकू येत होता. त्याने मागे वळून कॅन जागेवर आहेत ना ते बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, उगाच कापला ओ."

मला वाटलं, झालं काम. गाडीतून उतरले तर मावशीचं तोंड एवढंसं. बोनेटवर हात ठेवून ती उभी होती.

"काय झालं मावशी? गाडी आवडली नाही?"

तिने हरेश लांब जाईपर्यंत वाट बघितली. मग मला जवळ ओढलं. "पोरी, माज्या गल्याचं आपरेशन झालं. थायरॉइड. तवापासून आवाज गेला. आदी मी गेटातून 'मावरं घ्या गो' म्हटलं की वरच्या मजल्यावरनं बायका ताटल्या घेऊन उतरायच्या. आता कोन उतरनार? ही बया बोंबलायची म्हनून तरी उतरायच्या. आज तिचा पन आवाज गेला."

मी विचारलं, हरेश मोबाइलवर मेसेज टाकत नाही का?

"टाकतो ना. सकालच्या डब्याच्या घाईत बाया मोबाइल बगतात होय?"

"सामंतांना सांगितलंत का हे?"

"त्यांना कशाला? कीव करतील. मला गिऱ्हाईक पायजे, कीव नको."

रविवारी सामंतांनी मलाही बोलावलं होतं. "तुझ्या गॅरंटीवर आत सोडतो," म्हणाले. मी आधीच जाऊन गेटाशी उभी राहिले. गाडी आली. इतकी शांत आली की वॉचमन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. सामंत एकदम खूश. "वा मेधा! मानलं तुला!"

हरेशने खोके उतरवले. मावशीने पाटी मांडली, पापलेटं एका बाजूला, मांदेली एका बाजूला. आणि मग काहीच झालं नाही. चारी बाजूंनी खिडक्या, कुकरच्या शिट्ट्या, कुठेतरी मिक्सर, पण खाली एक माणूस उतरेना. मावशी वर बघत राहिली. बर्फाचं पाणी फरशीवर वाहायला लागलं. मला माझ्याच कामाचा राग आला.

मग मावशी उठली. पदर खोचला, मान वर केली, आणि ओरडली. तोंड पूर्ण उघडलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, गळ्यावरचा ऑपरेशनचा वण लाल झाला. बाहेर आली ती नुसती फस्स हवा. तिने पुन्हा प्रयत्न केला. हरेश खाली मान घालून खोक्याची दोरी सोडत राहिला, सोडून झालेली.

सामंत माझ्याकडे वळले. "हिचा आवाज..."

"ऑपरेशननंतर गेलाय. गाडीचा आवाज त्यांना म्हणूनच हवा होता. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

सामंतांनी एकदा वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. गृहस्थ आयुष्यभर बँकेत होता, शर्ट इस्त्रीचा, मीटिंगमध्येसुद्धा आवाज न चढवणारा. चष्मा काढून खिशात ठेवला. कंपाउंडच्या मधोमध गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अशी काही आरोळी ठोकली की कबुतरं उडाली.

"मावशी आल्याऽऽत! मासळी घ्याऽऽ!"

खिडक्या धडाधड उघडल्या. बायका हसायलाच लागल्या. "अय्या, सामंतकाका!" जिन्यावर पावलं वाजली, ताटल्या वाजल्या. मावशीने पाटीवर पाणी मारायच्या निमित्ताने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.

एवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सामंतांच्या मिसेस ओरडल्या, "अहो, वेड लागलंय का? आई जाग्या झाल्या!"

सामंतांचा चेहरा उतरला. "दचकली का गं?"

"नाही. विचारतायत, मांदेली आहेत का."

मावशीने सगळ्यात चांगली मांदेली निवडून बाजूला काढली.

या गोष्टीनंतरही लोक येतात. सायलेन्सर कापून द्या, गाडीला जोर येईल म्हणतात. मी आधी मागची चाकं हाताने फिरवून बघते. ती मोकळी असली, तर मग विचारते, तुम्हाला आवाज नक्की कोणाला ऐकवायचाय? बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांची गाडी मी तशीच परत पाठवते.

सामंत अजून आठवड्यातून तीनदा ओरडतात. सोसायटीत कोणाची तक्रार नाही.