खांबासाठी खणलेलं तळघर

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. उंची सहा फूट दोन इंच, म्हणून घरात सगळे त्यांना ‘खांब’ म्हणतात. चाळीस वर्षं रंगारी होते. लोकांची छतं शिडी न लावता रंगवली. म्हातारपणी एकटे पडले म्हणून आमच्याकडे राहायला आले आणि छतानं सूड उगवला. त्यांची सोय केली तळघरात, आणि आमचं तळघर पाच फूट दहा इंच उंच. आठवड्यात कपाळावर तीन टेंगळं.

वर जादाची एकच खोली होती, माझ्या देवांची. ती मागायचं धाडस कोणी केलं नाही. मीही आपणहून बोलले नाही. रोज हात जोडून म्हणायचे, “देवा, तेवढं तळघर उंच कर.”

देवाऐवजी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. ह्यांना बांधकामातलं सगळं कळतं. लग्नानंतर एकदा खिळा ठोकलाय.

गवंडी म्हणाला, “साहेब, छत उचलता येणार नाही, त्यावर तुम्ही राहता. जमीन सहा इंच खणू. त्याखाली गेलो तर पाया उघडा पडेल.”

“सहा पुष्कळ! खांब सहा-दोन, खोली सहा-चार. दोन इंच शिल्लक!”

महिनाभर मातीची घमेली माझ्या स्वयंपाकघरातून गेली. गवंड्यानं काम चोख केलं आणि तो निघून गेला. मग ह्यांच्या अंगात कलाकार संचारला. ओल येऊ नये म्हणून जाड कोबा आणि वर लाकडी फळ्या: तीन इंच. नळ दिसू नयेत म्हणून फॉल्स सीलिंग: चार इंच.

“या खांबराव, ताठ मानेनं या!”

भावोजी ताठ मानेनं गेले. ठाण्!

कपाळ चोळत त्यांनी खिशातला टेप काढला. “वहिनी, पहिल्यापेक्षा एक इंच कमी भरतंय. पण छताचा रंग छान बसलाय हं, अगदी जवळून पाहिला.”

एवढं लागूनही माणूस रंगाचं कौतुक करतो! मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी देव उचलले आणि खाली नेले. देवांना उंची कशाला हवी?

भावोजी आता वर ताठ उभे राहून केस विंचरतात. आणि तळघरात पूर्वी केसांसकट जेमतेम मावणारे आमचे हे, लग्नापासून ज्यांनी देवापुढे कधी मान तुकवली नाही, ते विजेचा मीटर बघायला खाली येतात तेव्हा चांगले कमरेत वाकतात.

माझं मागणं देवानं ऐकलं नाही, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?