टकल्या अक्षरांचा तक्ता

पेंटरकाकांना साधं अक्षर म्हणजे अंघोळ न करता लग्नाला आलेला पाहुणा वाटायचं. त्यांच्या हातचं अक्षर नटूनथटूनच बाहेर पडे. प्रत्येक टोकाला शेपटी, शेपटीला पान आणि सगळ्याच्या मागे लाल सावली. गिऱ्हाईक पाटीसमोर मान तिरकी करून उभं राहिलं की काकांना वाटे, बघा, कसं हरखून गेलंय! ते बिचारं हे न्हाव्याचं दुकान की औषधाचं, एवढंच ठरवत असे.

एकदा चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता उन्हानं पिवळा पडला होता. वर एक थोरलं अक्षर, खाली ओळीगणिक बारीक होत गेलेली त्याची पिलावळ.

"पत्र्यावर रंगवून द्या. अगदी जसाच्या तसा," बाई म्हणाल्या.

जसाच्या तसा! कलावंताला असं सांगतात का कुणी? घरी येऊन काकांनी तक्ता न्याहाळला. सगळीकडे एकसारखी जाडी, टोकं सपाट कापलेली, फटकारा म्हणून कुठे नाही. "उघडीबोडकी लेकरं बिचारी," म्हणत त्यांनी एकेकाला सजवायला घेतलं. शेवटच्या ओळीतल्या मुंगीएवढ्या अक्षरांनाही त्यांनी श्वास रोखून शेपट्या काढल्या. मग जुन्या तक्त्याचे तुकडे करून त्यांना ब्रश पुसले.

सकाळी नवा तक्ता भिंतीवर चढला. बाईंना ओळी तोंडपाठ आणि नजर पेशंटवर, त्यामुळे तक्त्याकडे त्यांनी बघितलंच नाही. दुपारपर्यंत आलेल्या प्रत्येकाला चष्मा लागला. शेजारचा चष्मेवाला तर बाईंना न मागता चहा पाठवू लागला.

तेवढ्यात काकांचा मेहुणा तपासणीला आला. तो बस चालवायचा. लांबूनच प्रवासी हेरून बस न थांबवण्याइतकी त्याची नजर तेज. पण तक्त्यासमोर तो पहिल्याच अक्षराला अडला. "बाई, हा मोर आहे का?"

तेव्हा कुठे बाईंनी वळून बघितलं, आणि काकांना बोलावणं धाडलं.

संध्याकाळपर्यंत नजरेचा दाखला डेपोत पोचला नाही, तर मेहुण्याला उद्यापासून बस धुवायला बसवणार होते. नवा छापील तक्ता आठवड्याशिवाय मिळत नव्हता. जुन्याचं काय झालं, हे काका सांगायला धजेनात. ते काकूंनीच सांगितलं. भावाची भाकरी जायची वेळ आल्यावर त्या थेट दवाखान्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अहो, माझ्या भावाला मोर दाखवता? आत्ताच्या आत्ता पुसा ते."

"याला सॅन्स सेरिफ अक्षर लागतं, काका," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "सेरिफ म्हणजे टोकाचे फटकारे, सॅन्स म्हणजे त्यांच्याशिवाय. ते नसले की लांबून, पटकन, घाईतही वाचता येतं. रस्त्यावरच्या पाट्या, मोबाइल, आग लागल्यावर पळायची वाट दाखवणारा बोर्ड, सगळीकडे म्हणूनच तसं असतं."

"म्हणजे माणूस जळत असला तरी त्याला चांगलं अक्षर दाखवायचं नाही," काका पुटपुटले. पण मेहुण्याचं तोंड पार उतरलं होतं. त्याचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, ही कटकट वेगळीच. त्यांनी रंगाचा डबा उघडला.

एकेक अक्षराची हजामत करताना त्यांना रडू येत होतं. शेपट्या गेल्या, पानं गेली, सावली गेली. बाई पट्टी लावून प्रत्येक ओळीची उंची तपासत होत्या. शेवटी भिंतीवर नुसती टकली अक्षरं उरली. कुणी कौतुकानं मान तिरकी करावी असं त्यात काही नव्हतं.

मेहुणा खुर्चीत बसला. एक डोळा झाकून त्यानं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि स्टॉपवर न थांबणाऱ्या बससारखा तो सुसाट खाली गेला. दुसऱ्या डोळ्यानंही तसंच. काकूंनी पदरानं डोळे टिपले. अक्षर कसं आहे, हे मात्र कुणी बोललं नाही. सगळ्यांनी ते फक्त वाचलं, आणि काकांना ते फार लागलं.

"शाब्बास, नजर उत्तम आहे," बाई म्हणाल्या आणि सहीसाठी पेन शोधू लागल्या.

"थांबा, अजून आहे," मेहुणा म्हणाला. नोकरीचा प्रश्न होता, त्याला काही सोडायचं नव्हतं. तो पुढे वाकला. "खाली कोपऱ्यात एक झुरळ मरून चिकटलंय."

सगळे वाकून बघू लागले. कोपऱ्यात काकांनी हळूच आपलं नाव घातलं होतं, उरल्यासुरल्या सगळ्या शेपट्या लावून.

काकांनी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि झुरळ पुसलं. त्याच जागी त्यांनी आपलं नाव नव्यानं लिहिलं, जाड, सरळ, कापल्या टोकांचं. मेहुण्यानं ते बसल्या जागेवरून खणखणीत वाचलं. काकूंनीही मागोमाग वाचलं आणि लाजून तोंडाला पदर लावला.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही पाट्यांवर नाव घालता ते."