काचनळीतलं पाणी

“माहीत हाय, का जाणलंय?”

‘मला माहीत आहे’ असं कोणी म्हटलं, की काका चष्मा कपाळावर चढवून हा प्रश्न टाकायचेच. आता ते निवृत्त झालेत, तरी ‘माहीत आहे’ म्हणताना आम्ही अजून अडखळतो.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते, मी लॅबमध्ये. मला शब्दकोश चाळायचा नाद. एकदा त्यांना सांगितलं, “ज्ञान आणि जाण एकाच मुळातले. माहिती मात्र अरबीतली, फारसीच्या वाटेनं आलेली.”

काका खूश. “म्हंजे माहिती पावणी आन् जाण घरची. आमी तेच बोलतो ना, ताई!”

बॉयलरच्या काचनळीत पाण्याची पातळी दिसते. बाकीचे ती बघून वहीत टिपत. काका आधी नळीखालचा कॉक उघडून ते पाणी सोडून देत, नवं पाणी चढताना बघत आणि मगच टिपत. “काच थापा मारते,” म्हणायचे.

ज्यांच्या हाताखाली ते वीस वर्षं राबले, ते बॉयलर चालवायचा सरकारी दाखला असलेले ऑपरेटर निवृत्त झाले आणि काकांना फर्मान आलं: दाखल्याची परीक्षा पास व्हा, नाहीतर पॅकिंगला जा. डब्याच्या सुट्टीत मी पुस्तक वाचून दाखवायचे. काका थट्टा करत ऐकायचे आणि उत्तरं हमखास चुकवायचे. रडायची वेळ माझ्यावर आली होती.

तोंडी परीक्षेला मी रजा टाकून सोबत गेले. परीक्षकांनी एका बॉयलरकडे बोट दाखवलं. “पाणी किती?” आधीच्या दोघांनी ‘अर्धी नळी’ असं ठोकून दिलं होतं.

“सांगता नाय येत,” काका म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

“दिसत नाही का?”

“दिसतं ना सायेब. पण कॉक उघडल्याबिगर आमी कसं सांगू?”

त्यांनी कॉक उघडला. नळीतलं पाणी गेलं, ते परत चढलंच नाही. बॉयलर आणि नळीमधली जोडणी परीक्षकांनी मुद्दाम बंद ठेवली होती.

“पाणी दिसत नाय, आधी जाळ बंद करा!” काका ओरडले. भट्टी तर थंडगार होती. परीक्षकांना हसू आवरेना. हसत हसतच त्यांनी ‘पास’ लिहिलं.

संध्याकाळी मी काकांबरोबर त्यांच्या घरी, घिवलीला गेले. काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी कागद पुढे केला, पण तो न बघताच त्या माझा हात धरून म्हणाल्या, “महिना झाला ताई, ताटात नुसती बोटं फिरवून उठत होते. आज जेवतील.”

काका तोंड फिरवून चिकूच्या झाडांकडे बघत राहिले.