वालाचं बी ठेवलेला तुंबा

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. संग्रहालयातल्या नोकरीच्या आठवणी कुणी विचारल्या, की मी मुखवट्यांबद्दल, मासे धरायच्या सापळ्यांबद्दल, कोरीव लाकडी फण्यांबद्दल बोलायचो. तुंब्याचा विषय टाळायचो.

आमचं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय असंच भरत गेलं. दर हिवाळ्यात आम्ही दोघं-तिघं गावोगाव जायचो आणि वापरातल्या वस्तू मागून आणायचो. नवी वस्तू साहेबांना चालत नसे. तिला हाताचा मळ, चुलीचा धूर लागलेला हवा.

गडचिरोलीत एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या एका माडिया आदिवासी बाईच्या चुलीवर तसा तुंबा, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं भांडं, टांगलेला होता. काळाकुट्ट. आत राखेत घोळलेलं वालाचं बी, माहेरून आणलेलं. तिच्या हाताचं उगवतं, असं गाव मानायचं. दरवर्षी वालाचा पहिला दाणा तीच मातीत घालायची आणि मग बाकीच्या घरांत लावणी व्हायची.

तिने मला नवा तुंबा दाखवला. मी नको म्हणालो.

"शहरात चूल नाई का, भाऊ? माह्याच घरचा काळा तुंबा पाह्यजे?"

अंगणातल्या बायका हसल्या, मीही हसलो. शेवटी तिने तो दिला, आतल्या बियांसकट. कारण संग्रहालयात मला त्याचा फोटो आहे तसाच काढून घ्यायचा होता. अट एकच, लावणीआधी बी परत आणून द्यायचं. मी हो म्हणालो.

संग्रहालयात आलेली प्रत्येक वस्तू आधी लोखंडी पेटीत जायची. कीड मरावी म्हणून तिथे औषधाची धुरी देत. बी आधी काढून ठेवायला हवं होतं. पण त्या दिवशी मला चंद्रपूरला घरी जायची घाई होती. तुंबा तसाच पेटीत ठेवला. नंतर बाहेर काढताना पेटीवरचा माणूस हसून म्हणाला, यातून ढेकूण वाचत नाही, बी काय वाचणार. मी बी कापडी पिशवीत ओतलं आणि वहीत लिहिलं, 'तुंबा, रिकामा'.

एखादा तरी दाणा उगवेल, अशी बसमध्ये स्वतःची समजूत घालत मी गावात पोचलो. तिने पिशवी सोडून नाकाशी नेली.

"दवाखान्यावाणी वास येऊन राह्यला."

पिशवीचा असेल, मी म्हणालो. तिने विश्वास ठेवला. शेजारच्या दोन घरांना ओंजळ-ओंजळ बी दिलं आणि मला आंबील पाजली.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा तिच्या कुडावर वालाचा एकही वेल नव्हता. शेजारच्या दोन घरीही तेच. माहेरचं बी संपलं होतं. तिने माझ्याकडे तक्रार केली नाही. हात उलटसुलट करून बघत नुसतं म्हणाली, "माह्या हाताले का झालं, मालूम नाई, भाऊ." आता पहिला दाणा तिची जाऊ घालणार होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने आंबील पुढे केली. मी ती प्यायलो आणि उठलो.

मग बदल्या झाल्या, मुलांची लग्नं झाली. कारणांना तोटा नव्हता. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी गेलो, तेव्हा रस्त्यावर सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची रांग होती आणि तिच्या घरावर पत्रे आले होते. ती वारून दोन वर्षं झाली होती. सुनेनेच आंबील दिली. सासू सगळी कामं करायची, ती म्हणाली, पण बियाले हात लावत नव्हती.

मागच्या महिन्यात संग्रहालयात गेलो. तिथल्या तरुण अधिकारीबाईंनी तुंबा काचेच्या कपाटातून काढून माझ्या हातात दिला. अजून धुराचा वास येतो त्याला. वहीतली नोंद मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली: आत वालाचं बी होतं, ते आमच्या औषधाने मेलं. खाली माझी सही आहे.

तिला सांगायचं वाक्य मात्र निवृत्तीनंतर तिच्या गावी जाताना बसमध्ये घोकलं होतं, ते तसंच राहिलं. बाई, तुमच्या हाताले काई झालं नव्हतं. बी मीच मारलं होतं. मले माफ करा.