पाळीवर मोकळेपणानं

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पाळीबद्दलच्या सभेचं आवतण टाकलं आणि त्यात ‘मासिक’ हा शब्द घातला नाही. विसरलो असतो तर विसराळू म्हणून सुटलो तरी असतो. मी तो तत्त्व म्हणून गाळला होता.

आमचं गाव सणसरच्या पुढं, कालव्याच्या एका फाट्यावर. आमच्याकडं पाळी म्हणजे पाण्याची पाळी. कालव्याला पाणी सुटलं की ज्या त्या रानाला ठरलेल्या वेळी पाणी घ्यायची पाळी येते. पाळी आली, पाळी चुकली, पाळी लांबली, यावरून आमच्याकडं माणसं भांडतात, बोलणं टाकतात, ठरलेल्या सोयरिकी मोडतात. पाळण्यात होतो तेव्हापासून हा शब्द माझ्या कानावर आहे. दुसऱ्या गोष्टीला आमच्या घरात नावच नव्हतं. ‘अडचण हाय’ असं काकी भिंतीकडं बघून म्हणायची आणि आम्ही पोरं जागेची अडचण समजून खाट सरकवून द्यायचो.

पुढं मी पुण्यात गेलो. मी तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो असं घरचे समजत होते. काही दिवस मीही तसंच समजत होतो. पेठेतल्या एका खोलीत कॉट घेतली होती. खोलीत कॉट इतक्या खेटून होत्या की झोपेत कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागे. एकदा अभ्यासिकेतला पंखा बंद पडला म्हणून मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथं एसी होता आणि एसीखाली कसलीशी बैठक चालली होती. मी एसीसाठी बसलो आणि उठलो तेव्हा कार्यकर्ता झालो होतो.

तो तरुणांचा गट होता आणि मासिक पाळीविषयीची लाज घालवणं हे त्याचं काम. बैठकीत कुणाचं पटलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून बोटं फडफडवायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, डास झालेत. मला त्यांनी ठेवून घेतलं ते मी खेड्यातला म्हणून. ‘ग्राउंडवर काय परिस्थिती आहे?’ असं मला दर बैठकीत विचारत आणि कित्येक महिने गावाकडं न गेलेला मी गंभीर चेहरा करून सांगे, की परिस्थिती बिकट आहे. बोटं फडफडत.

आंदोलनंही केली. आमच्याकडं माणसांपेक्षा बोर्ड जास्त असायचे, म्हणून मी दोन्ही हातांत एकेक धरून उभा राहायचो. ‘माझी पाळी, माझा हक्क’ असा बोर्ड घेतलेला माझा फोटो एका पेपरात आला. तो मेसच्या मावशींनी पाहिला. त्या दिवशी माझ्या ताटात शिरा जास्त पडला.

‘मासिक’ गेला तो इथंच. हा शब्द म्हणजे लाजेचा पदर आहे, सरळ ‘पाळी’ म्हणायला जीभ का अडखळावी, यावर एक अख्खी संध्याकाळ चर्चा झाली आणि तो शब्द टाकायचा ठरलं. सगळ्यात जोरात बोटं माझी फडफडली.

त्याच आठवड्यात धाकट्या चुलत्याच्या मुलीचा फोन आला. ती गावच्या शाळेत दहावीला होती. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह बांधलेलं होतं, वर टाकीही होती, पण टाकीत पाणी नव्हतं म्हणून दाराला कुलूप. त्या दिवसांत मुली मधल्या सुट्टीत घरी जात, नाहीतर येतच नसत. हिचं दर महिन्याला गणित बुडत होतं. आता चुलते म्हणायला लागले होते, की निम्मं घरीच बसायचं तर पुरतीच घरी बस, परीक्षा बाहेरून दे. बाहेरून परीक्षा म्हणजे पुढं काय, हे तिला चांगलं माहीत होतं. तिच्या दोन मैत्रिणी तशा ‘बाहेरून’ बसल्या होत्या आणि दोघींची लग्नं झाली होती.

शाळेच्या भिंतीला लागून तात्यांची विहीर आहे. तात्या शाळेच्या कमिटीवर आणि आमच्या फाट्याच्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन. त्यांनी मनात आणलं तर पाइप टाकायला कितीसा वेळ? पण हा विषय त्यांच्यापुढं काढणार कोण? बाईंनी मुख्याध्यापकांवर ढकललं, मुख्याध्यापकांनी कमिटीवर, आणि कमिटी म्हणजे तात्या.

“दादा, तू फकस्त तात्यांच्या घरी जाऊन चार शब्द बोल,” ती म्हणाली. “गप जायचं, गप बोलायचं, गप यायचं.”

एवढं साधं काम होतं. पण गप जाऊन गप येणं ही काही चळवळ नव्हे, असं मला त्या काळात वाटायचं. मी जाहीर सभा ठरवली.

गटातली मेडिकलला शिकणारी मुलगी बोलायला यायला तयार झाली. मी एक दिवस आधी निघून बारामतीत उतरलो आणि फ्लेक्स करायला टाकला. दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, की साहेबांचा फोटो कुठला घ्यायचा. कुणाचाच नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की फोटो नसलेला फ्लेक्स छापणं कायद्यात बसतं का. आमच्या डिझाइनमध्ये मधोमध लाल थेंब होता. तासाभरानं फ्लेक्स हातात आला तेव्हा थेंब निळा होता. मी विचारलं तर म्हणाला, तांबडं पाणी कुठं असतंय का, चूक झाली होती तुमची, दुरुस्त केली. मी समजलो, त्याच्याकडची लाल शाई संपली असणार आणि तो लपवतोय.

आवतण मी एसटीतच लिहिलं. ‘पाळीवर मोकळेपणानं बोलू या! लाज कशाची? गप्प किती दिवस बसायचं? रविवारी सकाळी, देवळापुढचा मंडप. पुण्याहून तज्ज्ञ येत आहेत.’

गावाच्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं आणि संध्याकाळी ऊसतोडीचे वाद, याखेरीज काही येत नाही. त्या दिवशी अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्यांनी उभ्या जन्मात मेसेजला उत्तर दिलं नाही असे म्हातारे लिहायला लागले. ‘योग्य विषय. चारचौघांत बोललंच पाहिजे.’ ‘बारक्या पोरानं पुढाकार घेतला, आमाला लाज वाटली पायजे.’ एकानं लिहिलं, ‘टेलवाल्यांनी मोठ्या संख्येनं यावं.’ फाट्याच्या पार शेवटाला ज्यांची रानं, ते टेलवाले. त्यांच्यापर्यंत पाणी कधी धड पोचत नाही. हे मला माहीत होतं, पण मी मनाशी म्हटलं, बघा, शेवटचा माणूसही जागा झाला. गाव बदललं म्हणून माझे डोळे भरून आले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं, मला वारं लागतंय.

रविवारी मंडप भरून माणसं रस्त्यावर गेली. पलीकडच्या गावांतून जीपगाड्या आल्या. सगळे पुरुष. बायका आल्या होत्या, पण थोड्या, आणि देवळाच्या भिंतीला टेकून मागं. त्यांच्यात फोन करणारी चुलत बहीण आणि तिच्या वर्गातल्या पोरी. तज्ज्ञांसाठी कुणीतरी हार आणला होता. पुण्याहून पाटबंधारे खात्याचा साहेब येणार आणि एक पोरगी उतरली हे पाहून जरा कुजबुज झाली, पण आजकाल बायकाही इंजिनेर असतात, असं म्हणून तात्यांनी ती मिटवली आणि हार घातला.

तात्या प्रास्ताविकही बोलले. जो सगळ्यात शेवटाला आहे त्याला पहिल्यांदा मिळालं पाहिजे, मधल्यांनी दडपून ठेवायचे दिवस गेले, वगैरे. टेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भाषण फार आवडलं.

मग मेडिकलवाली उठली. तिनं विचारलं, की पाळी नियमित येते का. तिची नजर मागच्या बायकांकडं होती. उत्तर पुढून आलं, एका आवाजात. “न्हाय.”

ती जरा चमकली, पण धीराची होती. दर किती दिवसांनी येते, असं तिनं विचारलं. दीड-दीड महिना येत न्हाय, असं सांगण्यात आलं. हे बरोबर नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं, ती म्हणाली. त्यावर पुढच्या रांगेतले एक आबा, टेलचे शेतकरी, म्हणाले, “डॉक्टर कशाला, इंजिनेराला दाखवून झालंय.” लोक हसले. तिला वाटलं, आबा विनोदी आहेत. तीही हसली आणि म्हणाली, की फार ताण असला तर पाळी लांबते.

“उलटं सांगताय ताई,” आबा म्हणाले. “पाळी लांबली की ताण बसतोय.”

आमच्याकडं पाणी कमी पडून ऊस सुकायला लागला की त्याला ताण बसला म्हणतात. तिला हे कुठून माहीत असणार? ‘तेही खरंच आहे,’ असं म्हणून तिनं मान डोलावली. खेड्यातल्या पुरुषांची जाण पाहून तेव्हा तिला आमच्या पुण्यातल्या पोरांची लाज वाटली होती, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मागं बायकांनी एव्हाना तोंडात पदर कोंबले होते. बहिणीनं दोनदा हातवारे करून मला बोलावलं. मी तिला उलट बोटं फडफडवून दाखवली.

मग मी मेडिकलवालीनं आणलेलं चित्र उलगडलं. मोठं, रंगीत, दोन काठ्यांना लावलेलं. आबा काठी टेकत उठले, जवळ आले, डोळे बारीक करून बघू लागले आणि काठीनंच लोकांना दाखवू लागले.

“ही खालची झाली मेन चारी. वर दोन्ही अंगाला दोन पोटचाऱ्या. आन ही टोकाला दोन शेततळी.” त्यांनी मेडिकलवालीकडं पाहिलं. “आता मला सांगा ताई, ह्यात पाणी अडलंय कुठं?”

“आबा,” ती म्हणाली, “हे गर्भाशय आहे.”

आबांनी काठी चित्रावरून हळूच काढली आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. तात्यांनी टोपी काढून टोपीच्या आत पाहिलं. सगळं गाव आपापल्या चपला बघायला लागलं. आणि मागून, देवळाच्या भिंतीकडून, बायकांचं इतका वेळ दाबलेलं हसू एकदम सुटलं.

मी माइक घेतला. परिस्थिती सांभाळायची होती. एक छोटासा गैरसमज झाल्याचं मी जाहीर केलं आणि वर म्हणालो, की खरं पाहता दोन्ही पाळ्या तितक्याच महत्त्वाच्या आहेत. मागची माणसं जीपकडं निघाली. तात्या खुर्ची धरून उठायला लागले.

ते उठले असते तर विषय संपला होता. या दिवसानंतर पाळी हा शब्द तात्यांसमोर कुणी कुठल्याच अर्थानं काढला नसता, आणि बहिणीला परीक्षा बाहेरून द्यावी लागली असती. तिचा चेहरा मला दिसत होता. मी माइकवर काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही. ती बायकांतून उठून सरळ पुढं आली. माइक तिनं घेतलाच नाही.

“तात्या, बसा जरा. पाण्याच्याच पाळीचं बोलायचं हाय.”

पाण्याचं म्हटल्यावर जीपकडं गेलेली माणसं थांबली.

“शाळंच्या टाकीला पाळी बांधून द्या. तुमच्या हिरीवनं. समद्यात शेवटाला आमी पोरी हाय, आन आमच्यापतुर एकदा बी पाणी आलेलं न्हाय.”

“शाळंला पाणी कशाला पायजे?” तात्या म्हणाले.

तिनं मागच्या चित्राकडं बोट केलं. “ते आत्ता ताईंनी सांगितलं.”

तात्यांनी चित्राकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. “बरं, बरं. कळलं.”

पण नुसत्या ‘कळलं’वर टेलवाले सोडेनात. शेवटच्याला पहिल्यांदा, असं चेअरमन आत्ताच बोलले होते, मग हे चेअरमनच्या स्वतःच्या विहिरीला लागू का नाही, असा प्रश्न आबांनी काढला. आबांना काठीचा प्रकार विसरायला दुसरा विषय हवाच होता. मग सभा रंगली. लाईट कधी असते, मोटर कोण चालू करणार, पाइप दोन इंची की दीड. आठवड्यातून दोनदा टाकी भरायची ठरली. पाणी नेमकं कशाला लागतं हे एकानंही तोंडातून काढलं नाही आणि काढायची गरजही पडली नाही. एका टेलवाल्यानं घरी पडून असलेला पाइप देऊ केला. चर खणायचं काम, पुण्याहून तज्ज्ञ आणणाऱ्या कार्यकर्त्यानं करावं, असं एकमतानं ठरलं.

त्याच दुपारी मी खणला. विहिरीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ होती. माझा चर मधेच वळून कडुलिंबाला भेटून आला. हाताला फोड आले. मेडिकलवाली परत जाताना फोडांवर लावायला मलम देऊन गेली, तेवढाच तिच्या शिक्षणाचा मला फायदा.

टाकी भरली त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो होतो. स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं होतं, आत नळ सुरू होता, त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. पुण्याच्या गटाला पाठवायला फोटो हवा होता. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो, एका हातात निळ्या थेंबाचा फ्लेक्स धरला, दुसऱ्या हातानं मोबाइल लांब धरला. नळही यावा आणि मीही यावा, हे काही जमेना. कधी नळ कापला जायचा, कधी माझा कान. मधली सुट्टी झाली होती. अंगणात पोरी घोळक्यानं उभ्या होत्या, माझ्याकडं बघत होत्या, आणि या क्षणाचं महत्त्व त्यांना कळलंय म्हणून मी त्यांच्याकडं बघून हसत होतो.

बहीण घोळक्यातून आली.

“दादा, दारातनं हल की,” ती म्हणाली. “तू हितं उभा हाईस म्हणून पोरी आत जाईनात.”